माझ्या लेकीची वही ज्यांना वाचता आली

इंदुमती कडोलकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते निपाणीत, आमच्या गल्लीतल्या विहाराच्या सभागृहात. त्याला आता तीन वर्षं झाली. मोबाइलचा आणि गेमचा नाद लागलेल्या मुलांवर बोलून उपचार करणाऱ्या कुणी बाई बेळगावहून येणार, असा निरोप आला होता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका विड्या वळतात. दुपारचं काम टाकून भाषणाला कोण जाणार? पण निरोपात पुढं असंही होतं की सुपं घेऊनच या, वळत वळत ऐका. म्हणून आम्ही पंचवीस-तीस जणी मांडीवर पान-तंबाखूची सुपं घेऊन बसलो. पाहुण्यांसाठी खुर्ची ठेवली होती. बाईंनी ती बाजूला सरकवली आणि आमच्यातच सतरंजीवर बसल्या.

भाषण त्यांनी केलंच नाही. एकच विचारलं, "पोरं खेळतात तो गेम तुमच्यापैकी कुणी खेळून बघितलाय?"

सगळ्या हसल्या. माझ्या शेजारची गंगव्वा म्हणाली, "आमी खेळाय बसलो तर चुलीपुढं कोण बसणार, आक्का? तुमी येतासा काय?"

"येते की. पण मला भाकरी थापता येत न्हाई, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "सून आणायची तर आपण तिचं घरदार बघून येतो. आणि पोरगं दिवसभर ज्याच्या संगं बसतंय, त्याचं तोंडसुद्धा आपण बघितलेलं न्हाई."

गंगव्वानं आक्का म्हटलं आणि तेव्हापासून आमच्या गल्लीला त्या आक्काच झाल्या.

माझी लेक प्रज्ञा दाराजवळ बसली होती. तिला मी दंडाला धरून आणलं होतं. सभा संपल्यावर चपलांच्या गर्दीत मी वळून पाहिलं, तर ती आक्कांशी बोलत होती. चार वाक्यं तरी बोलली असेल. महिनाभरात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. आक्कांचे ते रुपेरी केस, खांद्यावरची कापडी पिशवी, आणि माझ्या लेकीचं त्यांच्याकडं वर केलेलं तोंड पाहून मी चपला शोधायचंच विसरले. आमची ओळख झाली ती अशी. आक्कांच्या साठीनिमित्तच्या अशा गौरव अंकात लोक आदरापासून सुरुवात करतात हे मला ठाऊक आहे. माझी सुरुवात मत्सरापासून झाली आणि तो अजून पुरता गेलेला नाही. संपादकांना मी हे आधीच सांगितलं. त्यांनी आक्कांना विचारलं. निरोप आला, "तेच लिहू दे त्यांना." प्रज्ञानंही हा लेख वाचला आहे. दोन ठिकाणी तिनं काट मारली, ती वाक्यं मी काढून टाकली. बाकीचं तिच्या संमतीनं लिहिते आहे.

त्या सभेच्या आधी सात महिने माझे मालक गेले. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. एका दुपारी बरं वाटेना म्हणून लवकर घरी येऊन आडवे झाले. मी विड्या द्यायला कारखान्यात गेले होते. घरी एकटी प्रज्ञा होती. मी परत आले तेव्हा दारात माणसं जमली होती. हृदयाचा झटका मोठा होता, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. प्रज्ञा तेव्हा सतरा वर्षांची. पीयूसीचं दुसरं वर्ष, म्हणजे बारावी, अर्ध्यात टाकून ती घरी बसली आणि तिनं फोन हातात घेतला. बंदुका घेऊन चौघांनी मिळून खेळायचा तो गेम. एक मॅच संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. ताटात जेवण वाळायचं. मी फोन लपवला की ती भिंतीकडं तोंड करून पडायची, अंग थरथरायचं. दिला की उठून बसायची. लोक म्हणायचे, बाप गेल्याचं हिला काहीच नाही, बघा कशी खेळतेय. खोटं कशाला सांगू, मीही मनात तेच धरलं होतं.

दर गुरुवारी सकाळची बेळगावची बस आम्ही धरू लागलो. आक्कांची खोली एका जुन्या घराच्या माडीवर आहे. पन्नास मिनिटं दार बंद, आणि मी बाहेर बाकावर. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले. पुढचं वाचन विडीच्या पानांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर झालं, मग विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. आमच्या गल्लीत दुपारी मी मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या वळतात. त्यामुळं बाकावरही माझ्या हातात पुस्तक असायचं, पण पान उलटायचं नाही. एकदा आतून प्रज्ञाचं हसणं ऐकू आलं. मालक गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, माझ्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात वापरली जाते आहे.

बसमध्ये मी विचारलं, "एवढं काय हसलीस गं?"

"आक्कांनी एक सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुला न्हाई कळायचं ते."

पुढच्या गुरुवारी मी आक्कांनाच गाठलं. "ती आत काय सांगती तुमाला?"

"ते तिचं हाय, कमळाबाई. मी तुम्हाला सांगितलं तर ती उद्या मला बी सांगायची न्हाई."

"मी आई हाय तिची."

"म्हणून तर," आक्का म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा मी प्याले, पण "म्हणून तर" हे दोन शब्द आठवडाभर पचले नाहीत.

आक्का कुणाचा फोन काढून घेत नाहीत, हे त्यांच्याकडं येणाऱ्या आईबापांना आधी पटत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या आईबापांना एकत्र बसवतात. त्यात लोंढ्याचे एक गृहस्थ आले होते. छाती पुढं काढून सांगू लागले, "हातोडीनं फोडला बघा मी फोन. विषय संपला."

आक्कांनी विचारलं, "आता पोरगं कुठं बसतंय?"

"शेजाऱ्याच्या घरात."

"काय करतंय तिथं?"

गृहस्थांची छाती जरा आत गेली. "शेजाऱ्याच्या फोनवर खेळतंय."

"म्हणजे आधी तुमच्या डोळ्यांपुढं होतं, आता तेवढं बी न्हाई," आक्का म्हणाल्या. सगळे हसले, ते गृहस्थही हसले. मग आक्कांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. त्यांनाही साड्यांचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती. पाच मिनिटं म्हणून बसायच्या आणि तास जायचा. साडी मात्र एकही घेत नव्हत्या. शोधल्यावर त्यांना सापडलं की हे फक्त मुलीचा परदेशातून येणारा फोन चुकतो त्याच दिवशी होतं. "नाद कशाचा लागलाय हे सगळ्यांना दिसतं," त्या म्हणाल्या, "फोन हातात घ्यायच्या ऐन आधी काय झालं, ते मात्र कुणी बघत न्हाई. आपण तेवढंच बघायचं." त्यांच्या सगळ्या उपचाराचं सार मला एवढंच समजलं आहे. शिकलेली माणसं या अंकात ते नीट सांगतीलच.

हेच शोधायला त्यांनी प्रज्ञाला एक वही दिली. फोन उचलायच्या आधी काय घडलं, अंगात काय झालं, मग काय केलं, हे तिथल्या तिथं लिहायचं. प्रज्ञा लिहू लागली. पानंच्या पानं भरू लागली. आणि ती सगळी कन्नडमध्ये.

इथं कर्नाटकात नोकरी पाहिजे तर कन्नड आलं पाहिजे, म्हणून मालकांनी तिला कन्नड शाळेत घातलं होतं. मला कन्नड बोललेलं सगळं कळतं. अक्षर मात्र एक कळत नाही. गल्लीला वाचून दाखवणारी बाई मी, आणि माझ्या लेकीच्या वहीपुढं आंधळी. आक्का दोन्ही भाषा वाचतात. त्या वहीवरून त्यांची नजर सरसर फिरताना मी दाराच्या फटीतून पाहिली आहे. त्यांच्या शिक्षणाचा, त्यांच्या खोलीचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या नजरेचा वाटला.

एका सकाळी प्रज्ञा आंघोळीला गेली आणि मी वही घेऊन गंगव्वाकडं गेले. गंगव्वाला कन्नड वाचता येतं. "दोन ओळी वाच गं," मी म्हटलं. तिनं कात्री खाली ठेवली. ओठ हलवत अर्धं पान वाचलं, आणि वही मिटली.

"काय लिवलंय?"

"कमळे, हे माझ्या तोंडानं नगो. लेकीला इचार."

"माझ्याबद्दल हाय काय?"

"लेकीला इचार म्हणलं न्हवं!" तिनं वही माझ्या अंगावर टाकली.

मी वळले तर दारात प्रज्ञा. केसांतून पाणी गळत होतं. तिनं वही उचलली, घरी जाऊन कपाटाच्या तळाशी कपड्यांखाली घातली आणि फोन घेऊन बसली. पुढच्या गुरुवारी ती उठली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वहीत एक अक्षर नाही, माझ्याशी एक शब्द नाही. इतके महिने जिच्या तोंडचा शब्द ऐकायला मी तळमळत होते, तिच्या तोंडाला मीच कुलूप लावलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी मी एकटीच बेळगावला गेले. आक्का जेवायला बसत होत्या. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "जेवलासा काय?" आणि डब्यातली अर्धी भाकरी झाकणावर काढून माझ्यापुढं सरकवली. मी खाल्ली नाही. सगळं सांगून टाकलं, मत्सरासकट. मला वाटलं, रागावतील. मी पुष्कळ तयारी करून गेले होते, रागावल्या की काय बोलायचं याची.

आक्कांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "चूक आधी माझी हाय. दोन खोल्यांचं घर तुमचं. तिथं ती वही ठेवणार कुठं, हे मी विचारायला पायजे होतं. मी माझं घर धरून चालले."

एवढ्या शिकलेल्या बाईनं माझ्यापुढं चूक कबूल केली. मला तेही सहन झालं नाही. चूक माझी होती, तीही त्यांनी निम्मी घेतली.

"आता मी काय करू?"

"तिला एवढंच सांगा. वही मी नेली, मला वाचता आली न्हाई, माझं चुकलं. त्याच्यापुढं 'पण' लावू नका. आई हाय म्हणून नेली, काळजी वाटली म्हणून नेली, असलं काही न्हाई."

ऐकायला सोपं वाटतं. मला तीन दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी जिभेवर "पण" यायचा. चौथ्या दिवशी पानं कातरता कातरता, तिच्याकडं न बघता, मी ते बोलले. पुढच्या गुरुवारी माझ्याआधी तिच्या पायांत चपला होत्या.

त्याच आठवड्यात मी गंगव्वाच्या नातवाचं पहिलीचं कन्नड पुस्तक मागून आणलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आक्कांना जे वाचता येतं ते मलाही आलं पाहिजे, एवढाच हट्ट होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पाटीवर अक्षरं गिरवायला बसले. दहा-बारा दिवसांनी प्रज्ञा मागून बघत होती. "आई, ते उलटं काढलीस," ती म्हणाली आणि माझा हात धरून तिनं ते अक्षर काढलं. तिचा हात माझ्या हाताला किती महिन्यांनी लागला होता, मला सांगता येणार नाही. ती मला शिकवू लागली. चिडून म्हणायची, "तुझ्यापेक्षा पहिलीतलं पोर बरं." मी म्हणायची, "त्या पोराला विड्या वळाय लागत न्हाईत."

दोनेक महिन्यांनी आक्कांनी मला आत बोलावलं. पहिल्यांदाच. प्रज्ञाच्या मांडीवर वही होती.

"ती वाचणार हाय," आक्का म्हणाल्या. "कन्नडचं मराठी करत वाचंल. मधे बोलायचं न्हाई. रडू आलं तर रडा. पण उठून तिला कवटाळू नका, तिला पुरं करू दे." आणि स्वतः खुर्ची मागं खिडकीपाशी घेऊन बसल्या.

प्रज्ञानं वाचलं. त्या दुपारी पप्पांनी पाणी मागितलं. ती म्हणाली, पप्पा, मॅच संपतच आली. ते म्हणाले, "संपव बाळा. मग आण. काय घाई न्हाई." मॅच संपली. ती तांब्या भरून घेऊन गेली. ते बोलले नाहीत.

पुढं असं लिहिलं होतं. एक मॅच संपते आणि दुसरी लागते, त्यात थोडा वेळ जातो. त्या वेळात मी पुन्हा तांब्या घेऊन त्यांच्याकडं जाते. रोज, दर वेळी. म्हणून मी दुसरी लगेच लावते. आणि आई नेमकी तेव्हाच हाक मारते, "झाली काय? उठ, पाणी तरी पी."

मी खरंच तसं करत होते. तिचे अंगठे थांबायची वाट बघायची आणि हाक मारायची. मला वाटायचं, हीच वेळ बरी.

शेवटी लिहिलं होतं, पप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई बायकांच्यात म्हणाली, "घरात लेक असून घोटभर पाणी मिळालं न्हाई त्यांना."

ते मी बोलले होते. उशाशी भरलेला तांब्या तसाच पाहिला होता, दुःखात बोलून गेले आणि विसरूनही गेले. ती विसरली नव्हती.

मी म्हटलं, "माझं चुकलं, प्रज्ञा." एवढंच. थोड्या वेळानं म्हटलं, "आणि ते घाई न्हाई म्हणाले ना? मग त्यांना घाई नव्हतीच. तुझे पप्पा उगंच गोड बोलणारे न्हवते." तेव्हा ती रडली. बापाच्या मागं पहिल्यांदा, माझ्यापुढं.

प्रज्ञा तोंड धुवायला गेली तेव्हा मी आक्कांकडं वळले. माझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द मला त्या दिवशी कळले. त्यांना आधीच माहीत होते.

"कवापासनं ठाऊक होतं तुमाला?"

"दुसऱ्या गुरुवारपासनं."

"आणि मला बाहेर बाकावर चहा देत होतासा."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यापाशी रडला असता, कमळाबाई. तिच्यापाशी न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. तरीही इतके महिने ते शब्द दुसऱ्या बाईजवळ होते, हे मला अजून सोसत नाही. मी बायको होते. कधीकधी भाकरी थापताना ते एकदम आठवतं आणि मी आक्कांवर पुन्हा रागावते. रागावून झालं की भाकरी उलटते.

त्यानंतरचं काम साधं आणि किचकट होतं. दोन मॅचमधल्या त्या रिकाम्या वेळात नुसतं बसायचं. आधी आक्कांजवळ, अर्धा मिनिट. मग एक. मग घरी, माझ्याजवळ. मी हाक मारायची नाही, काही द्यायचं नाही, माझं काम करत राहायचं. तिचा श्वास वरवर व्हायचा, मी दोऱ्याला गाठ मारत राहायची. हळूहळू तो वेळ वाढला आणि पुढची मॅच लावायचं ती विसरू लागली. पुन्हा एकदा परीक्षेच्या तोंडावर ती बारा दिवस फोनमध्ये बुडाली होती. मी घाबरून फोन केला, तर आक्का म्हणाल्या, "वही कुठं हाय? तिथनं सुरू करू." ओरडणं नाही, उपदेश नाही.

प्रज्ञा पीयूसी झाली. आता बेळगावात बी.ए. करते, मानसशास्त्र घेऊन. आठवड्यातून दोन-तीनदा गेम खेळते आणि ठेवून देते. दुसऱ्या शनिवारी आक्कांच्या हाताखाली काम करते, बोरगावच्या शाळेत त्यांच्याबरोबर मुलांशी बोलायला जाते. घरी आली की "आक्का म्हणाल्या" याच्याशिवाय वाक्य नाही. बोलताना हात तसाच हलवते. आक्कांच्या साठीला साडी घ्यायची म्हणून तिनं तीन दुकानं पालथी घातली आणि मला विचारलं, "त्यांना हिरवा शोभंल का जांभळा?" मी म्हटलं, "मला काय शोभतं ते ठाऊक हाय काय तुला?" ती हसली आणि म्हणाली, "तुला राग." मीही हसले. राग होताच.

आक्का, या पानावर आता तुमच्याशी बोलते. तुमचा रक्तदाब वर जातो आणि तुम्ही गोळी विसरता, हे प्रज्ञा सांगते. दुपारचं जेवण चार वाजता करता, तेही सांगते. त्या सवयी सोडा. डबा वेळेवर उघडा, कुणी आलं तरी अर्धी भाकरी काढून देऊ नका, पुरी खा. गुडघ्यांना ती माडी सोसत नसेल तर खोली खाली आणा. तुम्ही माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहात. हिशोबानं तुम्ही आधी जायचं. मला तो हिशोब मान्य नाही. माझ्या लेकीला पुढं पुष्कळ काही सोसावं लागेल, आणि त्यातलं काही असं असेल की ते ती मला सांगणार नाही. मी जिवंत असले तरी नाही. तेव्हा दार वाजवायला तिला तुमची खोली असू दे. म्हणून माझ्यामागंही तुम्ही राहा, धडधाकट राहा. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मला कळणार नाही, आणि माझा जळफळाट होईल. होऊ दे.